पत्र्याच्या सांध्यातला गंज: वरून सीलर भरावा की सांधा उघडावा?

सागरकाठ (धागाकर्ता):
रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या पट्ट्यात जुनी गाडी बाळगणाऱ्यांना पावसाळा सरला की हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे दरवाज्याच्या खालच्या कडेला किंवा डिकीच्या तळाशी, नेमका सांध्यावर, रंगाला आलेला फुगा. बहुतेक ठिकाणी तो खरवडून पुट्टी भरतात, वरून सीलर (फट बुजवणारा रबरासारखा लेप) ओढतात आणि रंग मारून गाडी परत देतात. या कामाला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

सांध्यात दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डिंग केलेले असते, आणि वेल्डिंगच्या दोन टाक्यांमधल्या बारीक फटीत पाणी आपोआप ओढले जाते. खारी हवा असेल तर त्या पाण्यातले मीठ ओल धरून ठेवते. फटीच्या आत प्राणवायू कमी पोहोचतो, त्यामुळे गंजण्याची क्रिया नेमकी आतच जोर धरते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो पत्रे एकमेकांपासून ढकलतो आणि वरचा सीलर फाटतो. म्हणून टाके ड्रिलने काढून पत्रे वेगळे करावेत, चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावेत, झिंकचा वेल्डिंग सोसणारा प्रायमर लावून पुन्हा जोडावेत, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग सीलर, मग रंग, आणि शेवटी आतल्या पोकळीत मेण फवारावे, असे माझे ठाम मत आहे.

पत्राकाम:
मी हेच काम करतो आणि या मताशी सहमत नाही. कारखान्यात संपूर्ण सांगाडा फॉस्फेटच्या आणि विद्युत-रंगाच्या (विजेच्या साहाय्याने चढवलेल्या रंगाच्या) टाकीत बुडवला जातो, त्यामुळे पोकळीच्या आतही थर बसतो. तो थर कोणत्याही गॅरेजमध्ये पुन्हा देता येत नाही. तुम्ही टाके काढून नवे वेल्डिंग केले की मागच्या बाजूचा तो थर जळतो आणि पातळ पत्रा उष्णतेने वाकतो, म्हणजे एका फुग्यासाठी आपण शाबूत भागातही गंजाला वाट करून देतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. पत्रा टणक लागला तर तारेच्या ब्रशने घासून, फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावून, धुऊन पूर्ण वाळवून इपॉक्सी प्रायमर आणि पीयू (पॉलीयुरेथेन) सीलर पुरेसा होतो. वीस वर्षांच्या मारुती ओम्नीच्या मालकाला सांधे उघडण्याचा खर्च सांगणे मला योग्य वाटत नाही.

सागरकाठ:
खर्चाचा मुद्दा मान्य आहे, परंतु स्क्रूड्रायव्हरने परीक्षा फक्त बाहेरच्या पत्र्याची होते. दरवाज्याच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. अशी एक कड मी पक्कडीने किंचित उचकटली, तेव्हा बाहेरून टणक लागणाऱ्या त्या घडीतून तपकिरी पाणी आले आणि आतल्या पत्र्याचे पापुद्रे हातात आले. त्या घडीत आम्ल घातले तर ते धुऊन कसे काढणार? राहिलेले आम्लच पुढे पत्रा खाते.

खाडीपलीकडे:
माझा विरोध दोघांनाही आहे. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात, आणि घाईने ओढलेल्या सीलरने ती अनेकदा बुजतात. मग काचेच्या रबरातून उतरलेले पाणी आतच साचते. काही जण तर घरातले सिलिकॉन वापरतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडते, आणि त्यावर रंगही धरत नाही. गंज लागलेला सांधा बंद करूच नये. भोके मोकळी करावीत, पत्रा उन्हात कोरडा होऊ द्यावा आणि दरवर्षी जूनच्या आधी फटीत झिरपणारे पातळ मेण फवारावे. गंज थांबणार नाही, पण त्याचा वेग बराच कमी होईल.

पत्राकाम:
भोकांचा मुद्दा अगदी बरोबर आहे, मात्र मेणाची वेळ चुकता कामा नये. एकदा ते फटीत शिरले की तिथे सीलर चिकटत नाही, आणि पुढे वेल्डिंग करायची वेळ आली तर ते पेट घेते. आपल्याकडे गाडीखाली वापरलेले इंजिन ऑइल मारतात, त्याने तर सस्पेन्शनची रबरी बुशेही फुगतात. मेण हे शेवटचे काम आहे, पहिले नव्हे.

सागरकाठ:
निदान एका ठिकाणी तरी आपले एकमत व्हावे. दरवाज्याखालची पेटी, सीटबेल्टचा बोल्ट बसतो ती जागा आणि सस्पेन्शन धरणारा सांधा हे गाडीचा भार आणि धडक सोसतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासायला न्यायची म्हणून तिथे पुट्टी भरून रंग मारला जातो, ते मला कोणत्याही किमतीत मान्य नाही.

पत्राकाम:
त्या जागांबाबत दुमत नाही. तिथे मी सडलेला भाग कापून योग्य जाडीचा नवा पत्रा जोडतो आणि मालकाची तयारी नसेल तर काम घेत नाही. दरवाज्याच्या कडेबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. घडी आतून सडली असेल तर ती उघडण्यात वेळ घालवण्यापेक्षा भंगारातला चांगला दरवाजा शोधावा, कारण कारखान्यातला शाबूत थर त्यावर अजून असतो.