‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ : चित्रपटात जगलेली माणसे नाटकात का मरतात?

रानजाई

नमस्कार. मागच्या महिन्यात न्यूयॉर्कमधील वेस्टसाइड थिएटरमध्ये ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या संगीतिकेचा प्रयोग पाहिला. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून तो इथल्या जाणकारांसमोर मांडत आहे.

फ्रँक ऑझ यांनी दिग्दर्शित केलेला १९८६ चा चित्रपट मी पुण्यात वसतिगृहात राहत असताना मैत्रिणींबरोबर इतक्या वेळा पाहिला की त्यातली गाणी आम्हाला तोंडपाठ झाली होती. फुलांच्या दुकानात राबणारा अनाथ सीमोर, त्याच दुकानात काम करणारी आणि प्रियकराचा मार मुकाट्याने सोसणारी ऑड्री, आणि माणसाच्या रक्तावर वाढणारे ते बोलके रोप, ही सगळी आमच्या ओळखीची मंडळी होती. चित्रपटाच्या शेवटी सीमोर रोपाचा नाश करतो, ऑड्रीशी लग्न करतो आणि तिने गाण्यात रंगवलेल्या छोट्या घरात दोघे राहायला जातात. नाटकात मात्र ऑड्री सीमोरच्या मिठीत प्राण सोडते, तिच्याच इच्छेप्रमाणे तो तिचा देह रोपाच्या तोंडी देतो, आणि अखेर कोयता घेऊन स्वतः त्या जबड्यात शिरतो तो परत येतच नाही.

माझ्याबरोबर पुण्याहून आलेली मावशी होती. तिने चित्रपट पाहिलेला नव्हता आणि इंग्रजी संवादही तिला पुरते कळत नव्हते. ऑड्रीच्या गाण्याला तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि शेवटी ती इतरांबरोबर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी मात्र सुन्न होऊन बसले होते. यातला मूळ शेवट कोणता, तो कोणी आणि का बदलला, आणि सगळी माणसे मेलेली पाहून प्रेक्षक इतक्या आनंदाने घरी कसे जातात?

कृष्णधवल

रानजाई, नाटकातला शेवट आधीचा आहे. तुमच्या लाडक्या चित्रपटातला नंतरचा.

या कथेची सुरुवात रॉजर कॉर्मन यांच्या १९६० च्या कृष्णधवल चित्रपटापासून होते. दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेला सेट शिल्लक होता, तो वापरून त्यांनी मुख्य चित्रीकरण जेमतेम दोन दिवसांत उरकले, आणि सगळा खर्च सुमारे तीस हजार डॉलरच्या घरात बसवला. पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा तो पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि त्याला त्याचा असा भक्तवर्ग मिळाला. त्यात दंतवैद्याकडे वेदनेच्या ओढीने येणाऱ्या रुग्णाच्या छोट्या भूमिकेत तरुण जॅक निकल्सन दिसतात. त्या चित्रपटातही सीमोर शेवटी रोपाच्या पोटातच जातो आणि उमललेल्या कळीत त्याचा चेहरा दिसतो.

हॉवर्ड अ‍ॅशमन यांनी संहिता व गीते लिहून आणि अ‍ॅलन मेन्केन यांनी संगीत देऊन १९८२ मध्ये त्याची संगीतिका केली. दिग्दर्शनही अ‍ॅशमन यांचेच होते. आधी डब्ल्यूपीए या लहानशा नाट्यगृहात आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्याच ऑर्फियम नाट्यगृहात ती आली, आणि तिथे १९८७ पर्यंत तिचे २,२०९ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, नेण्याची चर्चा झाली होती, परंतु हे नाटक लहान जागेतच शोभते असे अ‍ॅशमन यांचे मत होते. ते मला पूर्णपणे पटते, कारण शेवटच्या गाण्यात वेली छतावरून प्रेक्षकांच्या अंगावर उतरल्या पाहिजेत, आणि हजार-दीड हजार खुर्च्यांच्या सभागृहात तो स्पर्श मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ऑझ यांनी चित्रपट करताना नाटकाचाच शेवट चित्रित केला होता. त्यात दोघेही मरतात आणि राक्षसी रोपे न्यूयॉर्क शहर उद्ध्वस्त करतात. रिचर्ड कॉनवे यांनी त्यासाठी शहराच्या प्रतिकृती बांधल्या आणि फार मोठा खर्च झाला. सॅन होजे येथे निवडक प्रेक्षकांना तो दाखवला तेव्हा प्रत्येक गाण्याला टाळ्या पडत होत्या, पण नायक-नायिका मेल्यावर सभागृह गार पडले. दुसऱ्या शहरातही तोच अनुभव आला, म्हणून गोड शेवट नव्याने चित्रित करावा लागला. ऑझ यांनी याचे जे कारण दिले आहे ते मला फार मोलाचे वाटते. नाटकात मेलेली माणसे शेवटी पुन्हा रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना वाकून नमस्कार करतात, त्यामुळे ती मेलेली नाहीत हे प्रेक्षकाला ठाऊक असते. चित्रपटात तशी सोय नसते, तिथे मेलेला माणूस मेलेलाच राहतो.

वगळलेला भाग १९९८ च्या डीव्हीडीत कच्च्या कृष्णधवल रूपात आला होता, पण ती डीव्हीडी लगेच मागे घेण्यात आली. २०१२ मध्ये मात्र तो रंगीत आणि नीट जुळवलेल्या स्वरूपात प्रसिद्ध झाला आहे. तो जरूर पाहावा.

विंगेतला

मी इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या गावच्या हौशी मंडळाने ही संगीतिका केली तेव्हा रोपाच्या मोठ्या बाहुलीत बसण्याचे काम माझ्याकडे होते. कृष्णधवल यांनी सांगितलेल्या कारणात मला आतून पाहिलेली एक गोष्ट जोडावीशी वाटते.

या नाटकात रोपाच्या साधारणपणे चार बाहुल्या लागतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठी. मूळ प्रयोगासाठी त्या मार्टिन रॉबिन्सन यांनी घडवल्या आणि स्वतः चालवल्याही. लहान मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मालिकेतील बाहुल्यांमुळे ते परिचित आहेत. दुसरी बाहुली सीमोर कुंडीसह हातात धरून गातो, तेव्हा कुंडीभोवती दिसणारा त्याचा एक हात खोटा असतो आणि खरा हात आतून रोपाचे तोंड हलवत असतो. आमच्या प्रेक्षकांत बसलेल्या मोठ्या माणसांनाही ही युक्ती ओळखता आली नाही. शेवटची बाहुली रंगमंचाचा मोठा भाग व्यापते. तिच्या आत उकाडा असतो, बाहेरचे काही दिसत नाही, आणि जबड्याचे वजन खांद्यांवर आणि पाठीवर येते. रोपाचा आवाज दुसराच गायक विंगेत उभा राहून देतो. ऑर्फियममध्ये तो रॉन टेलर यांचा होता. गाणाऱ्याला बाहुली चालवणाऱ्याचे हात दिसत नाहीत आणि त्याला गाणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, तरी प्रत्येक अक्षरावर जबडा उघडला पाहिजे. त्यामुळे गायकाने श्वास कुठे घ्यायचा हे एकदा ठरले की ते शेवटच्या प्रयोगापर्यंत बदलता येत नाही. आमची निम्मी तालीम केवळ श्वासांची होती.

मला सांगायचे आहे ते यापुढचे आहे. जबड्यात शिरलेला प्रत्येक नट माझ्या अंगावरून सरपटत मागच्या बाजूने बाहेर पडत असे. ऑड्रीची भूमिका करणारी मुलगी नुकतीच मरणाचे गाणे गाऊन आत आलेली असे, तिचा श्वास लागलेला मला ऐकू येई, आणि मी तिच्या डोक्याला काही लागू नये म्हणून एका हाताने जबड्याची कड धरून ठेवत असे. शेवटच्या गाण्यात हीच चारही मृत पात्रे रोपाच्या फुलांतून चेहरे बाहेर काढून गातात. म्हणजे मेलेली माणसे नमस्काराच्याही आधी, नाटक चालू असतानाच परत आलेली असतात, आणि कॉर्मन यांच्या चित्रपटातील त्या कळीतल्या चेहऱ्याचा धागा तिथे असा पुढे गेला आहे.

चित्रपटातही प्रचंड यांत्रिक बाहुलीच होती आणि ती चालवायला मोठा ताफा लागे. तिचे ओठ गाण्याच्या वेगाने हलत नसत, म्हणून ते प्रसंग कॅमेरा संथ गतीने चालवून टिपले आणि सोबतच्या नटांनी मुद्दाम सावकाश अभिनय केला. परिणाम अप्रतिम आहे. पण तिथे एक माणूस श्वास रोखून समोर बसला आहे ही जाणीव होत नाही, आणि नाटकात ती प्रेक्षकाला सतत होत असते असे मला वाटते.

सिंधुभैरवी

शेवटच्या नमस्काराचे कारण खरे असले तरी अपुरे आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. नट जिवंत आहे हे माहीत असल्यामुळेच आपण मृत्यू सोसतो असे असते, तर कोणतीही शोकांतिका आपल्याला स्पर्श करू शकली नसती. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मध्ये बालगंधर्वांची सिंधू मरताना ज्यांनी पाहिली, त्यांनाही बालगंधर्व दुसऱ्या नाटकात पुन्हा गाणार हे ठाऊक होतेच, तरी ते रडत होते.

माझ्या मते फरक सीमोरच्या अपराधात आहे. कॉर्मन यांच्या चित्रपटात त्याच्या हातून माणसे बहुतेक अपघाताने किंवा झटापटीत मरतात, त्यामुळे त्याचा शेवट हा एक क्रूर विनोद ठरतो. अ‍ॅशमन यांनी कथेची मांडणी मुळातून बदलली. त्यांनी दंतवैद्यालाच ऑड्रीला मारणारा प्रियकर केले, आणि तो हसवणाऱ्या वायूचा मुखवटा अडकून गुदमरत असताना सीमोरला नुसते बघत उभे केले. पुढे ज्या दुकानदाराने त्याला आसरा दिला, त्या मश्निकला सीमोर स्वतः खोटे सांगून जबड्यात पाठवतो. पैसा आणि प्रसिद्धी गेली तर ऑड्रीही जाईल, ही भीती त्याला प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे ढकलते. आणि तू प्रसिद्ध नसलास तरी माझे प्रेम राहील असे ती सांगते तेव्हा फार उशीर झालेला असतो. एवढे केल्यावर त्याला हिरवळीचे घर कसे मिळेल? चित्रपटात मश्निकच पिस्तूल रोखून सौदा करू पाहतो आणि रोप त्याला मागून गिळते, म्हणजे सीमोरचा दोष आधीच हलका केलेला आहे. त्यामुळे त्याला मृत्यूची शिक्षा प्रेक्षकांना जड वाटली असावी.

ऑड्रीच्या गाण्याबद्दल दोन शब्द. तिच्या स्वप्नात फार मोठे काही नाही: एक कुंपण, एक धुलाईयंत्र, एक शांत गल्ली. हे गाणे हसण्यावारी न्यावे असा मोह नटीला होऊ शकतो, परंतु अ‍ॅशमन यांनी संहितेला जोडलेल्या टिपणात नटांना प्रामाणिकपणे अभिनय करण्याचीच विनंती केली आहे. रानजाई यांच्या मावशींना शब्द पुरते न कळताही डोळ्यांत पाणी आले, ते नटीने ती विनंती पाळली म्हणून. आणि मरताना ऑड्री कुठेतरी हिरवळीत राहण्याचे स्वप्न सांगणाऱ्या याच गाण्याच्या ओळी पुन्हा गाते, तेव्हा ‘हिरवे’ या शब्दाचा अर्थच बदललेला असतो, कारण आता ती त्या रोपात जाणार असते. हे काम सुरांनी केले आहे, आणि सूर असे काम करतात तेव्हा प्रेक्षक मृत्यू स्वीकारतो असा आपल्याही संगीत नाटकाचा अनुभव आहे.

पारवा

एक छोटी सूचना. हे वाचून कोणी लहान मुलांना घेऊन जाणार असेल, तर रोपापेक्षा दंतवैद्याचे प्रसंग आधी विचारात घ्यावेत. माझी दहा वर्षांची मुलगी बाहुलीला अजिबात घाबरली नाही, पण ऑड्रीच्या डोळ्याभोवतीचा काळा-निळा डाग पाहून तिने मध्यंतरात बरेच प्रश्न विचारले आणि मला त्यांची नीट उत्तरे द्यावी लागली.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. सिंधुभैरवी, मश्निकच्या प्रसंगातला हा फरक मी इतक्या वेळा चित्रपट पाहूनही आणि आता नाटक पाहूनही टिपला नव्हता, आणि तो कळल्यापासून नाटकातला शेवट मला पूर्वीइतका अन्यायाचा वाटत नाही.

तरीही विंगेतला यांचा प्रतिसाद वाचताना त्या संध्याकाळची एक गोष्ट आठवली, जी मी प्रश्नात लिहिली नव्हती. फुलांमधून चेहरे दिसू लागले तेव्हा मावशी पुढे झुकून त्यांच्यात कोणाला तरी शोधत होती. ऑड्रीचा चेहरा दिसताच तिने माझे मनगट घट्ट धरले आणि “आली गं, आली” असे म्हणाली. ती पुढच्या आठवड्यात पुण्याला परतते आहे. त्याआधी रविवारी आम्ही दोघी २०१२ ची आवृत्ती पाहणार आहोत, ज्यात ऑड्री परत येत नाही.