मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या नंदीत रंग भरताना कडेला पांढरी रेघ राहून राहिली

नमस्कार मंडळी. नागपुरात तान्हा पोळा जवळ आला की आमच्या सोसायटीचं पोस्टर माझ्या गळ्यात पडतं. यंदा चाकांवरचा लाकडी नंदी आणि दोरी धरून ओढणारी पोरगी, असं काळ्या शाईनं काढलंय. ६०० डीपीआयवर ग्रेस्केल स्कॅन केलं, लेव्हल्स (उजळ-गडदपणा ठरवणारी पट्टी) ओढून कागदाचा पिवळटपणा घालवला. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघांचा लेयर (थर) वर ठेवून मल्टिप्लाय केला, म्हणजे त्यातलं पांढरं दिसेनासं होऊन खालचा रंग दिसतो; रंग खालच्या लेयरवर. इथवर ठीक.

पण बादलीनं (फिल टूलनं) रंग ओतला की रेघेला चिकटून बारीक पांढरी किनार राहते. शिंगांपाशी तर इतकी दिसते, जणू नंदीला चुना लावलाय! फिलमधलं ग्रो सिलेक्शन (भरलेला भाग कडेनं वाढवणं) २ पिक्सेल केलं तर बरं होतं, पण झूल नि गोंडे जिथं अगदी जवळ आहेत तिथं रंग पलीकडे सांडतो. थ्रेशोल्ड (किती वेगळ्या छटेपर्यंत रंग पसरावा ती मर्यादा) वाढवू, की रेघांमागचं पांढरंच कलर टू अल्फा या फिल्टरनं पारदर्शक करून घेऊ?

दुसरं, सावली. काळा रंग फिका करून मारला तर लाकूड मळकट दिसतं. जांभळट निळा मल्टिप्लायवर मारून पाहिला, तो बरा वाटला. पण पोटाखाली मी आधीच शाईनं आडव्या रेघांची छटा दिलीय. त्यावर पुन्हा सावली घालायची की त्या रेघा खोडायच्या? खोडायला जीव होत नाही, एक अख्खी दुपार गेली होती त्यात.

छपाई ए३ आहे. माऊसवरच काम करून राहिली आहे, पेन टॅब्लेट नाही, तेव्हा उपाय त्या बेतानं सांगा.