आयसीयूचा कचरा अन् लाइट बिल कमी करायचंय, काय करावं? बजेट दीड लाख

लातूरची_इन्चार्ज: नमस्कार मंडळी. दहा बेडचं खाजगी आयसीयू आहे. कचऱ्याच्या पिशव्यांवर पिशव्या निघायल्यात, एसी चोवीस तास चालू. सर म्हणले पर्यावरणासाठी काहीतरी करा, पण दीड लाखाच्या आत. कुणी केलंय का?

परभणीचा_पाटील: सोलर! आमच्या भावाच्या दवाखान्यावर बसवलंय, नऊ लाख गेले पण बिल बघून हसू येतंय. मराठवाड्यात उन्हाला काय तोटा?

लातूरची_इन्चार्ज: दादा, दीड लाख.

परभणीचा_पाटील: हप्त्यानं घ्या की.

भूलवाला_नांदेड: आधी डेसफ्लुरेन हा भूल द्यायचा गॅस बंद करा. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवणारा गॅस आहे तो.

बीडचा_टेक्निशियन: डॉक्टर, ते ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं झालं. ताई आयसीयूचं विचारायल्यात, तिथं झोपेचं औषध पंपानं शिरेतून जातंय.

भूलवाला_नांदेड: माहितेय हो. ओटी काय दुसऱ्या गावात असते का?

धाराशिवची_ताई: पेशंट आला की बेडजवळच्या ट्रॉलीवर सिरिंज, कॅथेटर, ड्रेसिंग ढिगानं रचतात अन् तो गेला की न फोडलेलंही फेकतात. आम्ही एका शिफ्टपुरतंच ठेवायलोत. अन् चादर सारखी करायला, गोळी द्यायला हातमोजे कशाला? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलनं २०१८ मध्ये विनाकारण मोजे घालणं थांबवलं, वर्षात २१ टन प्लास्टिक वाचलं.

बीडचा_टेक्निशियन: अन् इन्फेक्शन झालं तर लंडनवाले येणारेत का? कोविडात बघितलंय सगळं.

धाराशिवची_ताई: रक्त, लघवी, आयसोलेशन असलं की घालायचेच, कोण नाही म्हणतंय! उलट मोजे घातले की लोक हात धुवायचंच विसरतात.

औसा_रोड: खोके अन् बाहेरची कव्हरं पिवळ्या पिशवीत टाकू देऊ नका, ती पिशवी जाळायला जाते. सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, २०१६ चा नियमच आहे. आमच्याकडं मात्र कचऱ्याचं बिल बेडच्या संख्येवर लावतात, कमी केला तरी तेवढेच पैसे, मग मालकाला कशाला पडलंय?

परभणीचा_पाटील: सोलर केलं की मालक पण खूश.

उदगीरकर: पाण्याचं कुणीच बोलंना. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आपलं, अन् डायलिसिसच्या आरओचं टाकाऊ पाणी सरळ गटारीत. टाकीत धरा, फरशी अन् फ्लशला चालतंय.

भूलवाला_नांदेड: फुकटातलं सांगतो. रोज सकाळी सगळ्यांचं रक्त अन् एक्स-रे हे ‘रूटीन’ बंद करा, कारण असलं तरच लिहा. पेशंटला पोटातून दिलेलं पचत असलं तर पॅरासिटामॉलची बाटली शिरेतून कशाला, राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्या. हे सिस्टरच्या हातात नाही, आम्हा डॉक्टरांनाच ऐकवावं लागतंय.

लातूरची_इन्चार्ज: सरांशी बोलले. सोलर नाही, मोज्यांचं ऐकलंच नाही, तपासण्यांचं काढलं तर विषयच बदलला. जुने एसी काढून इन्व्हर्टरवाले घ्यायचं ठरलंय. ट्रॉलीचं मी कुणाला विचारणार नाही, सोमवारपासून सुरू.

परभणीचा_पाटील: एसी कुठल्या कंपनीचा? आमच्या भावाचा दोन उन्हाळ्यात बसला.