मदत हवी आहे: एडास (गाडीतली चालकाला मदत करणारी यंत्रणा) चालू असताना 'ड्रिंक अँड ड्राइव्ह' लागते का?

नमस्कार मंडळी. शालकाने एडासवाली गाडी घेतलीय. परवा भुसावळकडे शेतात भरीत पार्टी झाली. दोन पेग पोटात गेल्यावर म्हणतो, "दाजी, हायवेवर स्टिअरिंग तीच सांभाळते, ब्रेकही तीच मारते. माझ्यावर केस कशी होईल?" चावी मी काढून घेतली, वाद मात्र मिटला नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम 185 म्हणते, गाडी चालवताना किंवा चालवायचा प्रयत्न करताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल नको. पहिल्याच गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार दंड किंवा दोन्ही. माझ्या मते एडास नुसता मदतनीस, चालक शालकच. पण अमेरिकेत वेमो कंपनीच्या टॅक्सीत ड्रायव्हरच नसतो. तसली गाडी इकडे आली तर मागे बसलेल्या पिणाऱ्याला हा 1988 चा कायदा लागेल का?

कोणी वकील असेल तर सांगा. उत्तर शालकाला फॉरवर्ड करायचंय.