शब्द यादीत दिसतोय, तरी पायथन फॉल्स देतंय

प्रश्न
मराठी शब्दांची फाइल आहे, ६०,००० शब्द, एका ओळीत एक. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ती लिस्टमध्ये वाचून घेतो आणि लेखातला एकेक शब्द 'इन' (लिस्टमध्ये आहे का ते सांगणारा शब्द) लावून तपासतो. 'पहिल्या'ला ट्रू येतं, 'दुसऱ्या'ला फॉल्स. फाइल उघडून पाहिली, शब्द तिथे आहे! 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांचंही तेच. शिवाय सगळं फार हळू चालतंय.

उत्तर १
ओळीच्या शेवटी न्यूलाइन, म्हणजे नव्या ओळीचं न दिसणारं चिन्ह, राहिलं असेल. ते काढणारं स्ट्रिप लावलंय का?

प्रश्नकर्ता
लावलंय. नसतं तर 'पहिल्या'ही सापडला नसता.

उत्तर २
तुमचे तिन्ही अडलेले शब्द बघा, तिन्हींत अर्धा ऱ आहे. मराठी मजकुरावर काम करताना मी या अक्षरापायी दोन रात्री घालवल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

'ऱ्या' तीन प्रकारे टाइप होतो: थेट ऱ हे अक्षर, साधा र आणि खाली नुक्ता (टिंब), किंवा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच. 'इन' मात्र कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा ठरलेला क्रमांक, जुळवतं, दिसणं नाही. यादीतल्या आणि लेखातल्या 'दुसऱ्या'ची लेन, म्हणजे कोडपॉइंटची संख्या, काढा. थेट ऱ असेल तर ७, बाकी दोन्हींत ८. नेमकं काय आलंय ते आस्की फंक्शन दाखवतं.

नुक्त्याचं काम पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने होतं, त्याला एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणारा प्रकार) द्या. जोडकाला ते हात लावत नाही, स्ट्रिपही नाही. तिथे 'र, हलन्त, जोडक' बदलून 'ऱ, हलन्त' असं रिप्लेस स्वतः लिहावं लागतं. आणि सरसकट सगळे जोडक उडवू नका, नाहीतर 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होईल.

हे सगळं एका फंक्शनमध्ये ठेवा आणि यादी व लेख दोन्ही त्यातूनच जाऊ द्या. एकच बाजू साफ केली तर पुन्हा तेच.

उत्तर ३
वेगासाठी लिस्टचा सेट करा. नसलेला शब्द शोधताना लिस्ट दर वेळी ६०,००० तुलना करते. सेट हॅशवरून, म्हणजे शब्दावरून काढलेल्या आकड्यावरून, थेट जागेवर जातो. सेट लूपच्या बाहेर, एकदाच बनवा.

प्रश्नकर्ता
यादीत ७, लेखात ८. आस्कीने मधला जोडक दाखवला. रिप्लेस टाकलं, तिन्ही शब्द सापडले. सेटही केला, आता लेख टाकला की लगेच उत्तर येतं. मनापासून आभार.