मदत हवी आहे: कागदावरच्या ४६ लाखांतून हातात किती येणार, आणि साइट रिलायबिलिटीची वाट धरावी का?

निळावंती

सर्वांना नमस्कार.

मी हिंजवडीतील एका मोठ्या आयटी सेवा कंपनीत नऊ वर्षांपासून नोकरी करते आणि सध्या माझे वार्षिक पॅकेज १९ लाख रुपये आहे. सुरुवातीची वर्षे जावा प्रोग्रॅमिंगमध्ये गेली. अलीकडे मात्र एका युरोपीय बँकेची पेमेंट यंत्रणा अखंड चालू राहावी यासाठी जो गट राबतो, त्यात मी आहे. लिनक्स, कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली), मॉनिटरिंगचे डॅशबोर्ड आणि मध्यरात्री वाजणारा फोन या सगळ्याची आता सवय झाली आहे. आमच्याकडे हे काम दुय्यम समजले जाते आणि पगारवाढीच्या वेळी ते दिसूनही येते, म्हणून बाहेर मुलाखती दिल्या. दोन ऑफर हातात आहेत, परंतु दोन्ही कागद वाचून डोके चक्रावले आहे.

पहिली ऑफर एका अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या खराडी येथील केंद्रात साइट रिलायबिलिटी इंजिनियर (यंत्रणा अखंड चालू ठेवणारा अभियंता) या पदाची आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ४६ लाख २० हजार रुपये हा आकडा आहे. जोडपत्रातली फोड अशी: निश्चित पगार २८ लाख (त्यात बेसिक १४ लाख, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी यातच धरलेली), कामगिरीनुसार बोनस कमाल ४ लाख २० हजार, जॉइनिंग बोनस ३ लाख, आणि चार वर्षांत मिळायच्या ४४ लाखांच्या शेअरांपैकी एका वर्षाचे ११ लाख.

दुसरी ऑफर बंगळूरच्या एका स्टार्टअपची आहे. मशीन लर्निंगची मॉडेल्स ज्या प्लॅटफॉर्मवर चालतात तो उभारायचा आणि सांभाळायचा, निश्चित पगार ३४ लाख, शिवाय ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन्स). ‘आजच्या भावाने ते ६० लाखांचे आहेत’ असे संस्थापकांनी फोनवर सांगितले. पत्रात मात्र केवळ ऑप्शन्सची संख्या लिहिली आहे, रकमेचा उल्लेख कुठेही नाही.

आमचे घर वाकडला आहे, गृहकर्ज चालू आहे, यजमानांची नोकरी पुण्यात आणि मुलगी तिसरीत. बंगळूरला गेले तर काही काळ तरी दोन बिऱ्हाडे करावी लागतील.

पहिल्या ऑफरमध्ये दरमहा प्रत्यक्ष हातात किती पडेल, शेअरांच्या आकड्यावर कितपत विसंबावे, आणि ‘मशीन लर्निंग’ हे नाव सोडून साइट रिलायबिलिटीत गेले तर पुढच्या आठ-दहा वर्षांत पगाराच्या बाबतीत मी मागे पडेन का, हे मला समजून घ्यायचे आहे. सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, हेही लक्षात घ्यावे ही विनंती.

हिशेबनीस

निळावंतीताई, आधी दरमहाचे पाहू, कारण गृहकर्जाचा हप्ता शेअरांतून भरता येत नाही.

२८ लाखांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख ६८ हजार (१४ लाखांच्या १२ टक्के) आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६७ हजार वजा केली की उरतात २५ लाख ६५ हजारांच्या आसपास. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊन, २०२५-२६ च्या टप्प्यांनुसार, उपकरासह कर साधारण ३ लाख ४० हजार होतो. तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १ लाख ६८ हजार आणि व्यवसायकर अडीच हजार. म्हणजे वर्षाला साडेवीस लाख, दरमहा सुमारे १ लाख ७१ हजार. पहिल्या पानावरच्या आकड्याला बाराने भागून ३ लाख ८५ हजारांचा महिना मनात धरला असेल, तर तो आजच काढून टाका.

बोनस ‘कमाल’ आहे, ही गोष्ट विसरू नका; गेली तीन वर्षे प्रत्यक्षात सरासरी किती टक्के दिला गेला हे एचआरला विचारण्यात काहीही गैर नाही. जॉइनिंग बोनसवर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर कापला जाईल, परंतु वर्षभराच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करण्याची अट असतेच, आणि तेव्हा अनेक कंपन्या हातात पडलेली नव्हे तर करकपातीपूर्वीची पूर्ण रक्कम मागतात. पत्रातले ते कलम शब्दन् शब्द वाचावे.

आता शेअर. हे बहुधा आरएसयू आहेत, म्हणजे ठरावीक काळ नोकरीत राहिल्यावर नावावर होणारे कंपनीचे शेअर. चार वर्षांच्या वाटपात पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच मिळत नाही, त्यानंतर एकदम पाव हिस्सा आणि पुढे दर तिमाहीला थोडेथोडे, अशी सर्वसाधारण पद्धत असते. म्हणजे अकराव्या महिन्यात राजीनामा दिला तर ११ लाख शून्य होतात. ज्या दिवशी शेअर तुमच्या नावावर होतील, त्या दिवसाच्या बाजारभावाने ती रक्कम पगारात मिळवून त्यावर कर लागतो. बहुतेक कंपन्या त्यासाठी तेवढे शेअर आधीच विकून टाकतात, त्यामुळे ११ लाखांतले साडेसात लाखांच्या आसपास हाती राहतील. तेही भाव टिकला तर: २०२२ या एका वर्षात मेटाचा शेअर जवळपास ६४ टक्क्यांनी घसरला होता, आणि ज्यांना त्याआधी चढ्या भावाने शेअरांची संख्या ठरवून मिळाली होती त्यांचे पॅकेज बसल्या जागी आटले. पुढे भाव सावरला हे खरे, परंतु त्या वर्षीचा घरखर्च त्याच वर्षी करायचा असतो.

विवरणपत्राचेही सांगून ठेवतो. अमेरिकी शेअर खात्यात आले की आयटीआर-१ (विवरणपत्राचा सर्वांत सोपा फॉर्म) चालत नाही. परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरावा लागतो, तोही आर्थिक वर्षाचा नव्हे तर कॅलेंडर वर्षाचा. लाभांशातून अमेरिकेत २५ टक्के कापले जातात; त्याची वळती मिळवण्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. शेअर २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवून विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. पहिल्या वर्षी सीएची फी द्यावी, नंतर आपले आपल्याला जमते.

बंगळूरकर

स्टार्टअपच्या ६० लाखांविषयी माझे मत स्पष्ट आहे: निर्णयापुरते ते शून्य धरावेत. संस्थापकांना चार गोष्टी लेखी विचारा. कंपनीचे एकूण शेअर किती (त्याशिवाय तुमच्या संख्येला अर्थ नाही), ऑप्शन वापरताना प्रत्येकी किती रुपये भरावे लागतील, शेवटच्या गुंतवणुकीच्या फेरीतला भाव काय होता, आणि नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला किती मुदत मिळते. ही मुदत अनेक ठिकाणी केवळ ९० दिवसांची असते. तेवढ्यात शेअरची किंमत स्वतःच्या खिशातून भरायची आणि वर, विकता न येणाऱ्या त्या शेअरांवर पगाराप्रमाणे करही भरायचा, असा प्रसंग येतो. कर लांबणीवर टाकण्याची सवलत आहे, पण ती विशिष्ट प्रमाणपत्र मिळालेल्या मोजक्याच स्टार्टअपना लागू होते.

कागदावरच्या मूल्यांकनाचे काय होऊ शकते हे बायजूजच्या बाबतीत सर्वांनी पाहिले. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन झालेल्या या कंपनीवर २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. याउलट झोमॅटोच्या २०२१ च्या शेअर बाजारातील नोंदणीत अनेक कर्मचाऱ्यांच्या हाती खरे पैसे आले, म्हणून मी सरसकट सगळ्या ईसॉपना नावे ठेवत नाही. परंतु निश्चित पगारातला सहा लाखांचा फरक कर कापून चार-सव्वाचार लाख उरतो, आणि इथले भाडे, त्याची अनामत व दर पंधरवड्याला पुण्याचा प्रवास यांत तो कधी विरघळला हे कळतही नाही.

खराडीकर

मी याच क्षेत्रात आहे आणि अशा पदांसाठी मुलाखतीही घेतो, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

हे पद गुगलमध्ये २००३ च्या सुमारास बेन ट्रेनर यांच्या गटातून आकाराला आले. यंत्रणा चालू ठेवण्याचे काम प्रोग्रॅमरांकडे सोपवले तर तेच तेच काम हाताने करण्याचा त्यांना कंटाळा येईल आणि ते त्यासाठी सॉफ्टवेअर लिहितील, असा त्यामागचा विचार होता. तुम्ही जावात काम केले आहे आणि पेमेंट यंत्रणा पडताना पाहिली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडणे अवघड असते, आणि पगार त्या दुर्मिळपणाचा मिळतो.

९९.९ टक्के उपलब्धता म्हटली की ३० दिवसांत यंत्रणा सुमारे ४३ मिनिटे बंद राहिलेली चालते, ९९.९९ म्हटले की सव्वाचार मिनिटे. फोन वाजल्यावर लॅपटॉप उघडून व्हीपीएन जोडेपर्यंतच तेवढा वेळ निघून जातो, म्हणजे दुरुस्ती माणसाच्या हाताने होणे शक्यच नसते. ती आधीच प्रोग्रॅममध्ये लिहिलेली असावी लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. असे काही घडले की या कामाची किंमत वरिष्ठांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा मागे पडण्याची भीती नको, पण पद नेमके काय आहे ते तपासून घ्या. पाटी साइट रिलायबिलिटीची आणि काम तिकिटे (तक्रारींच्या नोंदी) बंद करण्याचे, अशी केंद्रे पुण्यात भरपूर आहेत. मॅनेजरला विचारा: ऑन-कॉलच्या (बिघाड झाल्यास फोन घेण्याच्या) पाळीत किती जण आहेत? सहापेक्षा कमी असतील तर जवळपास दर महिन्याला एक पूर्ण आठवडा फोन उशाशी घेऊन झोपावे लागेल. रात्रीचा भार दुसऱ्या देशातला गट घेतो, की अमेरिकेची दिवसपाळी म्हणजे तुमची रात्रपाळी? गेल्या तिमाहीत गटाने स्वतः लिहिलेले एखादे मोठे काम कोणते? या शेवटच्या प्रश्नाला मॅनेजर अडखळला तर समजून जा.

मशीन लर्निंगमध्ये सर्वाधिक पैसा मॉडेल घडवणाऱ्या मूठभर लोकांना मिळतो. ती मॉडेल्स चालवणाऱ्यांचे काम तुमच्या आजच्या कामाचेच भावंड आहे. जीपीयू (मॉडेल्स चालवणाऱ्या खास चिप) आले तरी कुबरनेटीस तेच. खराडीत राहूनही दोन-तीन वर्षांनी तिकडे वळता येईल. त्यासाठी तीन लाखांचा हप्त्यांवरचा ऑनलाइन कोर्स घेऊ नका एवढी विनंती.

हिशेबनीस

एक राहिले. नऊ वर्षे झाल्यामुळे तुम्ही ग्रॅच्युइटीला पात्र आहात: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले पंधरा भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षे. २० लाखांपर्यंत ती करमुक्त आहे. पीएफ काढून घेऊ नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या कंपनीत वर्ग करून घ्या.

निळावंती

सर्वांचे मनापासून आभार. खराडीच्या मॅनेजरांशी काल बोलले. पाळीत आठ जण आहेत, पुण्याच्या रात्री अमेरिकेतला गट पाहतो, आणि गटाने नुकतीच डेटाबेस आपोआप दुसऱ्या केंद्रावर वळवण्याची यंत्रणा लिहिली आहे. त्याबद्दल ते न थांबता बराच वेळ बोलले. एचआरने जॉइनिंग बोनस रद्द करून निश्चित पगार ३० लाख करण्याची तयारी दाखवली आहे, आणि मला ते अधिक पटते, कारण पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावर मोजली जाईल. स्टार्टअपला विचारलेल्या चारपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर आले, त्यामुळे त्यांना नकार कळवत आहे.

आता अडचण एवढीच उरली आहे की त्यांना मी ६० दिवसांत रुजू व्हायला हवी आहे. ३० दिवसांच्या नोटीसचे पैसे आम्ही भरू, असे ते तोंडी म्हणतात. हे कितपत चालते?

खराडीकर

सर्रास चालते, परंतु मुदत कमी करायची की नाही हे सध्याच्या कंपनीच्या मर्जीवर असते; काही पत्रांत तसे स्पष्ट लिहिलेले असते, तेव्हा आधी तुमचे नेमणूकपत्र पाहा. भरपाईची रक्कम आणि ३० लाखांचा नवा आकडा, दोन्ही सुधारित ऑफर पत्रात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. ती भरपाईही पगार म्हणून करपात्र ठरते, त्यामुळे कर कोण सोसणार तेही त्याच पत्रात लिहून घ्या. आणि रुजू होण्याची तारीख ९० दिवसांचीच मागून पाहा. आठ जणांचा गट एका महिन्यासाठी अडून बसत नाही.