परक्या शहरात कॅमेरा घेऊन गेलेल्यांनो, पहिलं गिऱ्हाईक आठवतंय?

माणदेशी
परवा दुपारी दुकानात एक मुलगी आली, वीस-बावीस वर्षांची. मोबाईलवर फोटो दाखवला. भिंतीवरची फ्रेम, काच तडकलेली, पावसाचं पाणी आत शिरून चेहऱ्याची डावी बाजू गेलेली. म्हणाली, मागे तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, निगेटिव्ह असेल का? शिक्का माझाच, १९९७ सालचा. तो फोटो मी कसा विसरेन? या शहरातलं माझं पहिलं काम ते.

मी खानापूर तालुक्यातला. विट्याच्या एका स्टुडिओत चार वर्षं डार्करूम केली आणि मामांच्या आधाराने कोईम्बतूर गाठलं. मामा गलाईवाले. त्यांच्या भट्टीच्या पुढची आठ बाय दहाची जागा मला मिळाली. एक पेंटॅक्स के-१०००, निगेटिव्हवरून मोठा फोटो कागदावर उतरवणारा एक जुना एनलार्जर, लाईटच्या दोन छत्र्या आणि मागे लावायचा निळा पडदा एवढं भांडवल. तमिळचा एक शब्द येत नव्हता. अकरा दिवस पायरी कुणी चढलं नाही.

बाराव्या दिवशी कोपऱ्यावर मोगरा विकणाऱ्या आजी आल्या. हातात कापड गिरणीतल्या कामगारांचा ग्रुप फोटो, चाळीसेक माणसं, एकेक डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. नवरा वारलेला, त्याचा दुसरा फोटोच नव्हता. त्यांनी बोट ठेवलं. बोटाखाली तीन डोकी! मला विचारता येईना, त्या सांगत होत्या ते कळेना. शेवटी क्लोज-अप लेन्स लावून कॉपी काढली, रात्री तिन्ही चेहरे छोट्या कागदांवर वेगवेगळे उठवले आणि सकाळी काउंटरवर मांडले. आजींनी मधला उचलून डोळ्यांना लावला. मग तो दहा बाय बारा केला, डोळ्यांना आणि मिशीला पेन्सिलने टचिंग करून. ऐंशी रुपये सांगितले. त्यांनी नाणी मोजून दिली आणि देवाच्या तसबिरीसाठी गजरा. पुढे सहा वर्षं, त्या होत्या तोवर, गजरा रोज आला.

परवा आलेली त्यांची नात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह वर्षवार ठेवल्या होत्या, पण २००५ ला दुकान हलवलं तेव्हा डबे मिसळले. शोधतोय. तोवर तुम्ही लिहा. घर सोडून लांब जाऊन ज्यांनी फोटोचा धंदा मांडला त्यांनी, आणि मांडून परत आले त्यांनीही.

रानजाई
तीन चेहरे काउंटरवर मांडले तिथे थांबले आणि पुन्हा वाचलं. भाजी चिरता चिरता वाचत होते. रात्री लिहिते.

पाचवा_मजला
गलाईवाले म्हणजे? पहिल्यांदाच ऐकतोय.

माणदेशी
सोन्याचांदीच्या दुकानातली तूस, भुकटी, जुने दागिने भट्टीत गाळून शुद्ध धातू काढून देणारे. आमचे खानापूर, आटपाडी, तासगाव हे तालुके दुष्काळी. शेतीवर भागेना म्हणून माणसं या धंद्यात बाहेर पडली. भारतात कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा आणि मराठीत हाक मारा, कुणीतरी ओ देईलच.

खडकपूर्णा
खरंय. माझा भाऊ बदलीवर गुवाहाटीला गेला तेव्हा पहिले आठ दिवस आटपाडीच्या एका घरी जेवला. ओळख ना पाळख.

उधनावाली
आमचं जरा वेगळं. दुकान यांचं, पण मी सगळी वर्षं गल्ल्यावर होते, म्हणून माझंही म्हणते. अमळनेरहून सुरतला आलो, १९९४ च्या जूनमध्ये उधन्यात स्टुडिओ टाकला. आजूबाजूला सगळे आपले खानदेशी, लूमवर म्हणजे यंत्रमागावर कामाला. पासपोर्ट, बारशाचे फोटो, गावी पाठवायला नवरा-बायकोचा एक उभा फोटो. आणि सप्टेंबरात प्लेग.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. दोन दिवसांत गल्ली रिकामी. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, भुसावळकडच्या गाडीला लोक दारांना लटकलेले. आम्ही कॅमेरा आणि सात महिन्यांचं लेकरू एवढंच घेऊन निघालो. एनलार्जर, लाईटचे स्टँड, कर्ज काढून घेतलेला पंखासुद्धा तसाच राहिला. शटरला साधं कुलूप.

सव्वा महिन्याने परत आलो तर शटरला दोन कुलपं. दुसरं शेजारच्या ओडिया लूम कामगाराचं. तो गेलाच नव्हता. रोज रात्री दुकानासमोर झोपायचा. किल्ली हातात देऊन म्हणाला, भाभी, माझा एक फोटो काढा, घरी पाठवायचाय, जिवंत आहे म्हणून. ते आमचं खरं पहिलं गिऱ्हाईक. पैसे घेतले नाहीत.

रानजाई
उधनावाली ताई, अंगावर काटा आला.

भाग्यनगरी
सुरतच्या प्लेगवरून आठवलं. चित्रपटात येण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला होता. तिथे प्लेगात त्यांची पत्नी आणि मूल गेलं आणि त्यांनी गोध्रा सोडलं. आपण त्यांना चित्रपटासाठी ओळखतो, पण परक्या गावात स्टुडिओ मांडून सगळं गमावलेला तरुण फोटोग्राफर मला जास्त जवळचा वाटतो.

मी स्वतः नांदेडहून सिकंदराबादला आलो, २००३ मध्ये. इथे आलो की राजा दीनदयाळांचं नाव येतंच. मेरठजवळच्या सरधन्याचे, रुरकीला इंजिनियरिंग शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी आणि फोटोग्राफी जडली तीही तिथेच. पुढे १८८० च्या दशकात सिकंदराबादला स्टुडिओ, सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर, १८९६ ला मुंबईत शाखा. पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता, आत फोटो काढणारी बाईच. परक्या गावात कोण आपल्यापर्यंत येऊ शकत नाही हे त्यांनी ओळखलं आणि त्यांच्यासाठी दार केलं. मी हे वाचलं आणि माझ्या दुकानात बायकोला कॅमेरा शिकवला. जुन्या शहरातल्या मुली आणि त्यांच्या आया आज तिच्याकडेच येतात. माझ्यापेक्षा तिची कामं जास्त आहेत आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

कोकणकडा
लेन्सला फंगस येण्यावर कुणाकडे उपाय आहे का? धागा वेगळा आहे माहीत आहे, पण एवढे फोटोवाले एकत्र कधी भेटणार. जुलैपासून ५० एमएमच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय.

भाग्यनगरी
आधी ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेव. हवाबंद डब्यात सिलिका जेल, सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहू दे. आलेली बुरशी मात्र लेन्स उघडूनच निघते.

कोकणकडा
आई तांदळाच्या डब्यात ठेव म्हणतेय.

उधनावाली
नको रे बाबा, तांदळाची पूड आत जाईल. सिलिका जेल घे, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापर. तवा मात्र जुना घे, पोळ्यांचा नको.

रानजाई
आले, सगळे जेवून झोपले.

नागपूरहून बंगळूर, २०१६. नवऱ्याची नोकरी इथली. मी नागपुरात लग्नं करायचे, इथे ओळखीशिवाय लग्नं मिळेनात म्हणून नवजात बाळांकडे वळले. पाच ते चौदा दिवसांची बाळं. त्या वयात ती गाढ झोपतात आणि पोटातल्यासारखी आपसूक दुमडतात. खोली इतकी गरम ठेवायची की आपल्याला घाम फुटावा. एका फोटोला कधी दोन तास. बाळ रडलं की कॅमेरा खाली, आईच्या कुशीत, पुन्हा पहिल्यापासून.

पहिलं काम मिळालं ऑक्टोबरात. बाळाची तारीख नोव्हेंबरची, ॲडव्हान्स पाचशेच्या नोटांत घेतला. आठ नोव्हेंबरला रात्री नोटा बंद. त्या पैशांतून मी हीटर आणि कापडं घेणार होते. त्या बाईला फोन केला, तर ती म्हणाली, माझ्याकडे आहेत मऊ साड्या, आजीच्या, तुम्ही फक्त या. म्हैसूर सिल्कच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं ते बाळ. आजही मी बाजारातली कापडं वापरत नाही, आधी विचारते, घरात आजीची साडी आहे का?

दुसरी गोष्ट, पहिलं वर्षभर आज्यांशी फार झगडले. बारशाआधी फोटो नको, नजर लागते. मग लढणं सोडलं. आता सांगते, तुमच्या मनाला येईल तेव्हा बोलवा, तीन महिन्यांचं बाळ हसतं, त्याचेही फोटो घेऊ. काम वाढलं आणि आज्या मला कॉफी देतात.

पाचवा_मजला
माणदेशी काका, भाषा येत नव्हती तर लग्नं कशी घेतलीत?

माणदेशी
पहिलं लग्न इथल्या एका जुन्या फोटोग्राफरांचा, अण्णांचा, मदतनीस म्हणून. आपल्याकडे अंतरपाट, मंगलाष्टकं, शेवटचं 'सावधान', तोवर माणूस तयारीत असतो. इथे मुहूर्त पहाटेचा, रिसेप्शन बरेचदा आदल्या संध्याकाळीच उरकलेलं. मी ३६ च्या रोलवर ३३ ला होतो. वाटलं अजून वेळ आहे, रोल बदलून घेऊ. मागचं झाकण उघडलं आणि कुणीतरी ओरडलं, 'गेट्टी मेळम!', म्हणजे वाजवा जोरात. सनईसारखं नादस्वरम आणि ढोलासारखं तविल एकदम टिपेला. ताली, म्हणजे इथलं मंगळसूत्र, बांधली जात होती आणि माझ्या हातात उघडा कॅमेरा. अण्णांनी स्वतः तो क्षण घेतला म्हणून निभावलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी बसवून अख्खं लग्न क्रमाने सांगितलं, मी देवनागरीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

हंगामही उलटा. इथे आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, लग्नं नसतात. पण पुढच्या आवणीत धूम. आपल्याकडे चातुर्मासात कॅमेरा कपाटात, आणि मी पहिल्या वर्षी त्याच हिशेबाने गणपतीला गावी निघून गेलो होतो. चार लग्नं गेली. गणपती तेव्हापासून इथेच बसवतो.

यमुनापार
वेळेचं अगदी बरोबर. मी परभणीचा, २०११ पासून दिल्लीत. आपल्याकडे दुपारच्या पंगतीला फोटोग्राफर मोकळा. इथे वरात रात्री अकराला दारात आणि फेरे दोन-तीनला. डिसेंबरच्या थंडीत बॅटऱ्या अर्ध्या वेळात बसतात, मी त्या आतल्या खिशात अंगाशी धरून ठेवतो. धुक्यात ऑटोफोकस नुसता मागेपुढे फिरत राहतो, तेव्हा हाताने फोकस करण्याची सवय उपयोगी पडली. नव्याने येणाऱ्याला एकच सांगणं. चांदनी चौकात कूचा चौधरीला कॅमेऱ्याचा मोठा बाजार आहे, जरूर जा, पण पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड बघूनच पैसे मोजा. मी पहिल्याच महिन्यात बिलाशिवाय लेन्स घेतली, ती चौथ्या लग्नात अडकली आणि दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. बाबांनी गाय विकून दिलेले पैसे होते.

उधनावाली
गायीचं वाचून वाईट वाटलं रे. घेतली का परत?

यमुनापार
घेतली, २०१५ ला. दोन घेतल्या.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे माझी अडचण धंद्याची नव्हती, परवानगीची होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, काम करायची मुभा नाही. पाच वर्षं मंडळाचे गणपती, मंगळागौरी, मुलांची नाटकं, सगळं विनामूल्य. लोक म्हणायचे छंद छान जोपासलाय, आणि मी घरी येऊन रडायचे. मुंबईत माझं स्वतःचं नाव होतं. मे २०१५ मध्ये नियम बदलला, ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना परवाना मिळू लागला. कार्ड टपालाने आलं त्या दिवशी मी पहिलं बिल बनवलं. रक्कम लहानच होती. बिलावर माझं नाव होतं.

आणि हो, इथे हॉलवाले आधी विम्याचं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर फोटोग्राफरला आत घेत नाहीत.

पाचवा_मजला
माझा भाचा उदयपूरला जातो म्हणतोय, मोठ्या लग्नांच्या मागे. काय सांगू?

परतलेला
त्याला सांगा, सहा महिन्यांचं भाडं आणि कॅमेऱ्याचे हप्ते बाजूला ठेवून जा, आणि पहिला हंगाम कुणाच्या तरी हाताखाली काढ. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा घे.

मी अकोल्याहून अहमदाबादला गेलो होतो. २०१८ ला जम बसला, २०२० च्या उन्हाळ्यासाठी चौदा लग्नं हातात. मार्चमध्ये टाळेबंदी. चौदाच्या चौदा रद्द, ॲडव्हान्स परत मागितले, देऊन टाकले. जागेचं डिपॉझिट भाड्यात जिरलं. जूनमध्ये टेम्पोत सामान भरून गावी आलो. वर्षभर कॅमेऱ्याची पिशवी उघडली नाही. आता तालुक्याला छोटं दुकान आहे, शाळांची ओळखपत्रं, पासपोर्ट, वाढदिवस. गेल्या महिन्यात अहमदाबादच्या एका गिऱ्हाइकाने फोन केला, मुलीचं लग्न आहे, तुम्हीच या. मी हो म्हणालो. मोठी लेन्स पुसून ठेवली आहे.

रानजाई
जा दादा. नक्की जा.

खडकपूर्णा
लग्नाचे फोटो इथे टाका, परवानगी मिळाली तर.

कोकणकडा
माणदेशी काका, तिकडे पुरणपोळी मिळते का हो? गणपती तिकडेच बसवता म्हणालात म्हणून.

माणदेशी
मिळते की, मिठाईच्या दुकानात 'बोळी' म्हणतात. नारळाची पण असते. आमच्या सौ. पुरणाचीच करतात, खाली बोळीवाल्याला पाठवतात, तो त्याची वर पाठवतो.

आणि सांगायचं ते राहिलंच. काल रात्री निगेटिव्ह सापडली. १९९९ च्या डब्यात होती. अण्णा नेहमी सांगायचे, हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, पूर्ण निघेपर्यंत धू, घाई करू नकोस. धुतली होती, काही झालेलं नाही, मिशीचा केस न् केस आहे. त्याच पाकिटात ते उरलेले दोन छोटे चेहरेही निघाले, डावीकडचा आणि उजवीकडचा. नात सकाळी येऊन बघून गेली. म्हणाली, गिरणीतली दोन-तीन म्हातारी माणसं अजून आमच्या गल्लीत आहेत, त्यांना विचारते हे कोण. मी तिघांचेही दहा बाय बारा करायला घेतले आहेत.